आंबट तार

आमच्या मोमिनाबादेत मोटारीची तार जिभेने चाखून पाहणारा एकच मनुष्य होता, आणि त्याचे दुकान नेमके माझ्या ओसरीसमोर होते. त्याचे नाव उस्मान मिस्त्री. बॅटरीकडून येणाऱ्या तारेचे टोक तो चाकूने सोलायचा, दुसऱ्या एका तारेचे एक टोक मोटारीच्या उघड्या लोखंडाला बांधायचा आणि दोन्ही तारांची मोकळी टोके एकदम जिभेच्या शेंड्यावर ठेवून डोळे मिटायचा. वैद्य नाडी पाहताना मिटतात, अगदी तसे. मग निकाल लागायचा. "लिंबू" म्हणजे करंट भरपूर. "चिंच" म्हणजे काम भागण्यापुरता. "ताक" म्हणजे बॅटरी म्हातारी झाली. आणि काहीच न बोलता तो बाजूला थुंकला, तर तार वाटेत कुठेतरी तुटली आहे असे खुशाल समजावे.

"मिस्त्री," मी एकदा त्याला म्हणालो, "तुमच्याकडे बल्ब आहे. तारेला बल्ब लावून पाहण्याची सभ्य पद्धत सोडून हा काय प्रकार?"

"बल्बाला दोनच शब्द येतात, वकीलसाब. हाय आन न्हाई. किती हाय, कावून कमी हाय, ते त्याला सांगता येत न्हाई."

मी चाळीस वर्षे अदालतीत साक्षीदार तपासले. त्यांतले बहुतेक बल्बच होते, हे मला त्या दिवशी उमगले.

मिस्त्रीची दुसरी खोड याहून विचित्र होती. मोटार दुकानाशी येऊन थांबली, की जगातला कोणताही कारागीर पुढचे झाकण उघडतो. हा मागे जाऊन उकिडवा बसायचा आणि डोक्याच्या रुमालाने मागच्या लाल दिव्याची काच पुसू लागायचा. भर वैशाखात एकदा घाटनांदूरची मोटार पुढून वाफा सोडत आली. उन्हात उतरलेले उतारू संतापले होते.

"ओ मिस्त्री, पानी उकळायलंय पुढं! तुमी मागं काय करायलाव?"

"उकळू द्या. निवायला टाइम लागतो. तवर पाठ बघतो."

"आमाला पुढं जायचंय, मागं न्हाई!"

"तुमी जाताल की पुढं. पाठ आमालाच बघायची हाय."

यावरून गावाने त्याचे नाव 'पाठवाला मिस्त्री' ठेवले. त्याला त्याचे काहीच वाटत नसे. बायको जाऊन बरीच वर्षे झालेली, एकुलती मुलगी हलिमा लग्न होऊन गुलबर्ग्याकडे गेलेली. दुकानातच निजायचे, दुकानातच शिजवायचे, आणि संध्याकाळची घाटनांदूरची मोटार सुटली की रस्त्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून ती जाताना पाहायची, हा त्याचा दिनक्रम. मी तो ओसरीवरून रोज पाहत असे आणि मनाशी म्हणत असे, हा मनुष्य रहदारीला अडथळा करतो आहे; केव्हातरी याच्याविरुद्धही लिहावे लागेल.

'याच्याविरुद्धही' म्हणालो, कारण त्या घाटनांदूरच्या मोटारीविरुद्ध मी आधीच लिहिले होते. रेल्वे स्टेशन घाटनांदुरास. आमच्यापासून सात कोस. स्टेशनाला जोडणारी ही एकच मोटार, दिवसातून दोन फेऱ्या. एका सायंकाळी मी धर्मापुरीहून बैलांच्या दमणीतून परत येत होतो. उजेड नुकताच सरला होता. वळणापलीकडे ही मोटार भर रस्त्यात उभी, गणपत ड्रायव्हर चाकाशी झटत होता आणि मागचा दिवा ठार बंद. माझ्या बैलांनी मोटारीच्या पाठीला नाकाडे लावली, दमणीची धुरी फळीत घुसली आणि माझे पागोटे उडून धुळीत पडले. यावर त्या गणपतने मला काय विचारावे?

"वकीलसाहेब, बैलांना दिसलं न्हाई व्हय?"

"बैलांना डोळे आहेत, गणपत," मी पागोटे झटकत म्हणालो, "परंतु मागे लाल दिवा लावण्याची जबाबदारी कायद्याने मोटारीवर टाकली आहे, बैलांवर नाही!"

त्याच आठवड्यात मी बीडला जिल्ह्याच्या अव्वल तालुकदारसाहेबांच्या सेवेत पाच कलमी दरखास्त रवाना केली. पहिले कलम मागच्या दिव्याचे. ते मी सात वेळा लिहून फाडले होते. बाकीची वेग, भोंगा आणि उतारूंची कोंबाकोंबी यांची. तिसऱ्या कलमाविषयी मात्र आज प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मोटारीचा मागील सांगाडा गंजलेला असून तो साफ करून रंगविण्यात यावा, असे ते होते, आणि ते मी केवळ चार कलमांची दरखास्त मला लंगडी वाटते म्हणून घातले होते.

महिन्याभराने हुकूम आला. रमजानच्या शेवटच्या जुम्म्याला, सूर्यास्तानंतर, मोटार कोतवालीपुढे तपासणीस हजर करावी. मागील दिवा न लागल्यास परवाना स्थगित. तक्रारदारानेही हजर राहावे.

त्या दिवसापासून मोटारअड्ड्यावरची मंडळी मला पाहून तोंडे फिरवू लागली. उस्मान मिस्त्री तेवढा, हात पुसत, माझ्या पायरीशी आला.

"वकीलसाब, तुमी लई मोठं काम केलं. मागची तार उंदरानं खाल्ली, नवी आना, म्हनून शेठला दोन सालापासून सांगून ऱ्हायलो. शेठ म्हनायचा, मागं कोन बघतंय? तुमची दरखास्त गेली आन आठ रोजात तारेचं भेंडोळं आलं." मग जरा घुटमळून म्हणाला, "त्याची नक्कल हाय का तुमच्यापाशी? दिव्याचं कलम वाचून दावा की."

मी वाचले. फारसी शब्दांनी लगडलेले ते वाक्य सरकारदरबारीही कोणी शेवटपर्यंत वाचले असेल की नाही, देव जाणे. मिस्त्री मान डोलावत ऐकत होता.

"परत वाचा की."

मी पुन्हा वाचले. तिसऱ्यांदाही वाचले. इतका जाणता श्रोता माझ्या लेखनाला त्यापूर्वी लाभला नव्हता.

नवी तार बसली, दिवा लागला. रमजान सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मिस्त्रीने ती चाखून "लिंबू" असा शेरा दिला. प्रकरण तिथेच मिटायचे. परंतु तपासणीच्या चार दिवस आधी मोटारीचे मालक असलेल्या शेठजींनी रंगारी धाडला. मोटार नखशिखांत हिरवीगार झाली, आणि दिवा बंद पडला.

गुरुवारी दुपारी गणपत ड्रायव्हर माझ्या ओसरीपुढे येऊन उभा राहिला. रामराम नाही, काही नाही.

"झालं का समाधान? दोन दिस झाले, मिस्त्री मोटारीखाली पडून हाय. दोष घावंना. उद्या मोटार बंद."

"दोषी मोटार बंद झालीच पाहिजे," मी म्हणालो.

"व्हय, झालीच पायजे. आन ईदीला त्याची हलिमा येनार होती. दोन वर्सांनी. तीन महिन्यांचं लेकरू हाय कडंवर, म्हाताऱ्यानं तोंडसुदिक बघितलं न्हाई त्याचं. सासरा म्हनतो, स्टेशनावरनं मोटार असंल तर धाडतो. सात कोस बैलगाडीत तान्हं लेकरू न्हाई धाडनार. चालू द्या तुमचा कायदा."

"मग मिस्त्री मला हे बोलला का नाही?"

"बोलून काय व्हनार? तुमी दरखास्त मागं घेनार हायसा व्हय?"

दरखास्त मी मागे घेणार नव्हतो. एक तर दाखल झालेली दरखास्त मागे घेतल्याने हुकूम फिरत नाही, आणि दुसरे, माझी मागणी रास्त होती. ती आजही रास्तच आहे. तरीही मी पायांत जोडा सरकवला आणि रस्ता ओलांडला.

मोटारीखालून फक्त दोन तळवे दिसत होते.

"मिस्त्री, तार चाखून का पाहत नाही?"

"रोजा हाय, वकीलसाब," तळव्यांकडून उत्तर आले. "सुटतो तवर मोटार घाटनांदुराला गेलेली असती, येती ती उजाडल्यावर. मौलवीसाबला पुसलं, तार चाखली तर रोजा ऱ्हातो का जातो? त्ये म्हनले, किताबात तारेचं लिव्हलेलं न्हाई. जिथं शंका, तिथं जीभ दाताच्या आत."

हा निवाडा इतका सयुक्तिक होता की मला मौलवीसाहेबांविषयी आदर वाटला.

"आणि बल्ब?"

"त्यो न्हाई म्हनतो. कुठं न्हाई, ते सांगत न्हाई." मिस्त्री आता बाहेर येऊन बसला. त्याचे ओठ सुकले होते, दाढीला धूळ लागली होती. "गणप्याची जीभ घेतली. तर म्हनतो, कायतरी लागायलंय. कायतरी! तंबाकूनं मेलेली जीभ ती. तिला काय कळतंय?"

"मग मी काय खोटं बोलू का बे?" गणपत चाकाला टेकून म्हणाला.

मिस्त्रीने त्याच्याकडे लक्ष दिले नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मला शब्दवाली जीभ पायजे, वकीलसाब."

वाचकांनी माझी अवस्था ध्यानात घ्यावी. वय चौसष्ट. घराबाहेर पाण्याचा थेंबही तोंडात घालायचा नाही, हा माझा नेम गावाला ठाऊक. मिस्त्रीलाही तो ठाऊक होता.

"तुमच्या घरचा तांब्या आना," तो म्हणाला. "तार तुमीच धुवा, तुमीच सोला. माजा हात लागनार न्हाई."

मी तांब्या आणला. तार धुतली. परंतु सोलताना दोनदा चाकू बोटावरून गेला. मिस्त्री अंतर राखून, मांडीखाली हात दाबून बसला होता. शेवटी मीच तार त्याच्यापुढे केली. त्याने ती सोलली, मी ती तोंडात घातली.

पहिली चव पुढच्या बटणापाशी घेतली. जिभेच्या शेंड्याला कोणी सुईने गुदगुल्या कराव्या तसे झाले.

"काय लागतंय?"

"आंबट. कच्च्या करवंदाचा आंबटपणा, आणि त्यामागून बिनकल्हईच्या भांड्यात राहिलेल्या ताकाचा कळक."

"लिंबू का चिंच?"

"मिस्त्री, मला घाईने निष्कर्ष काढायला लावू नका." मी पुन्हा डोळे मिटले. "लिंबाकडे झुकलेली चिंच."

"वाऽ!" मिस्त्रीने मांडीवर थाप मारली. "ऐकलंस का बे गणप्या? ह्याला म्हनतात जीभ!"

दुसरी चव मागे, दिव्यात शिरणाऱ्या तारेच्या टोकाशी. जोडीची तार मिस्त्रीने एका खरवडलेल्या बोल्टाला बांधली. तीच करवंदे, तोच कळक. म्हणजे नवी तार इमानदार होती. मग त्याने ती जोडतार बोल्टावरून सोडवली आणि दिवा ज्या पट्टीवर बसवला होता त्या पट्टीला बांधली. मी टोके जिभेवर ठेवली आणि वाट पाहिली.

"काही नाही," मी म्हणालो.

"ताक?"

"ताक नाही. पाण्यालाही चव असते, मिस्त्री. हे त्याहून नीरस आहे."

 पट्टीच्या मागे अंगठ्याचे नख घालून मिस्त्रीने ओढले आणि नख माझ्यापुढे धरले. नखात हिरवा रंग होता.

"करंट तारेतनं जातो, वकीलसाब, आन लोखंडातनं परत घरी येतो. रंगाऱ्यानं दिवा उतरवून पट्टीखाली रंग दिला, बोल्टाखाली बी दिला. जायाची वाट हाय. यायाची बंद केली."

"तिसरं कलम!" गणपत ओरडला. "रंगवा म्हनून कुनी लिव्हलं होतं? तिसरं कलम!"

माझ्या कानशिलांपर्यंत उष्णता चढली. 

"गप बे," मिस्त्रीने त्याला झापले. "वकीलसाब रंगवा म्हनले. बोल्टाखाली रंगवा म्हनले न्हाईत."

माझ्या बाजूने याहून उत्तम बचाव कोणत्याही वकिलाला करता आला नसता. मिस्त्रीने कानस घेतली, पट्टी आणि बोल्टाची बूड घासून चकचकीत केली, दिवा पुन्हा आवळला. गणपतने बटण दाबले. भर दुपारच्या उन्हात तो लाल ठिपका जेमतेम दिसत होता. मिस्त्रीने दोन्ही तळहातांचा आडोसा करून त्यात डोळा घातला आणि बराच वेळ काढला नाही.

शुक्रवारी रोजा सुटल्यावर कोतवालीपुढे तपासणी झाली. खजुराची बी तोंडात घोळवत कोतवालीचे अंमलदार अमीनसाहेब बाहेर आले. मोटारीमागे तीस पावले मोजून ते उभे राहिले, मी त्यांच्या शेजारी. गणपतने बटण दाबले, दिवा लागला. लाल उजेड आणि त्याच्या बाजूच्या पांढऱ्या काचेतून नंबराच्या पाटीवर पडलेली तिरीप, दोन्ही स्पष्ट.

"वकीलसाहब," अमीनसाहेबांनी विचारले, "आपका इत्मीनान हुआ?"

समाधान झाले नव्हते. रंगाऱ्याच्या कुंचल्याचा एक ओघळ नंबराच्या शेवटच्या इंग्रजी आकड्यावर आला होता आणि तीनाचा आठ झाला होता. चुकीचा नंबर हा दिव्याच्या अभावाहून गंभीर गुन्हा आहे. माझ्या घशापर्यंत सहावे कलम आले. मी मिस्त्रीकडे पाहिले. तो माझ्याकडे पाहत नव्हता, अमीनसाहेबांकडेही नाही. दिव्याकडे पाहत होता.

"हुआ," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच घासलेटाचा बोळा घेऊन मी अड्ड्यावर गेलो आणि तो आठ पुसून त्याचा तीन केला. कायद्याचे समाधान कोणीतरी केलेच पाहिजे.

ईदीच्या आदल्या दुपारी हलिमा आली. चार दिवस समोरच्या दुकानात हातोडीचा आवाज झाला नाही. मोटारी येत, भोंगे वाजवत. मिस्त्री नातवाला मांडीवर घेऊन, "उद्या या, पाठ उद्या बघू," म्हणून त्यांना वाटेला लावत असे. शिरखुर्मा करायला खारका, साखर, शेवया असा सारा कोरडा शिधा त्याने माझ्याकडे पाठवला, माझ्या घरच्या भांड्यात शिजावा म्हणून. आम्ही तो शिजवला आणि अर्धा त्याच्याकडे परत धाडला.

पाचव्या दिवशी संध्याकाळच्या मोटारीने ती निघाली. सारा अड्डा तिच्या खिडकीशी गोळा झाला होता. बाप तेवढा तिथे नव्हता. तो मोटारीच्या मागे उकिडवा बसला होता. दिवा उघडून तार त्याने जिभेवर ठेवली. रोजे संपले होते. "लिंबू," तो स्वतःशीच म्हणाला, दिवा पुन्हा आवळला, रुमालाने काच पुसली. हलिमाने खिडकीतून मान काढून हाक मारली, "अब्बा!" त्याने नुसता हात वर केला.

मोटार सुटली. मिस्त्री रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. रहदारीला अडथळा होत होता. मी ओसरीवरून उतरलो आणि त्याच्या शेजारी उभा राहिलो.

लाल ठिपका ओढ्यात उतरला, दिसेनासा झाला, पलीकडे वर आला. मिस्त्रीने तेव्हा श्वास सोडला.

"लगनाच्या रोजी ह्याच मोटारीनं गेलती," तो म्हणाला. "तवा पुढचे दिवे मी असे घासले, वकीलसाब, की तोंड दिसावं. पुढं फुलांच्या माळा बांधल्या. पुढच्या समद्या तारा चाखल्या. मागं बघितलंच न्हाई. ओढ्यापत्तूर दिवा दिसला, मंग गेला. चढ चढली का, वळली कवा, कायबी कळलं न्हाई. लोक म्हनले, चला मिस्त्री, गेली पोरगी. मी म्हनलं, कशावरनं?"

'कशावरून' हा प्रश्न मी हजारो वेळा विचारला आहे. त्याला उत्तर न मिळाल्याने कोणी दोन वर्षे रस्त्यात उभे राहते, हे मला ठाऊक नव्हते.

ठिपका चढ चढला. टेकडीच्या वळणाशी क्षणभर थांबल्यासारखा वाटला, मग डावीकडे वळला आणि टेकडीआड गेला. रस्त्यावर काहीच उरले नाही. मिस्त्रीने रुमाल झटकला, खांद्यावर टाकला आणि दुकानाकडे न जाता माझ्यामागून ओसरीवर आला.

"एक खत लिवायचं हाय. हलिमा उर्दू वाचती."

मी दिवा पुढे ओढला, कागद घेतला, दौतीत टाक बुडवला. "सांगा."

"लिवा. हलिमा, तुजी मोटार वळणापत्तूर दिसली."

मी लिहिले. "पुढे?"

"बस."

"मिस्त्री, खताला रीत असते. सलाम, खुशाली, नातवाची चौकशी. अर्धा कागदही भरला नाही."

"तिला कळंल," तो म्हणाला. मग पायरीवर बसून, गुडघ्यांना मिठी घालून, त्याने मान माझ्याकडे वळवली.

"वाचा की एकदा."

मी वाचले.

"परत वाचा."